घरातल्या सेन्सरच्या नोंदी आणि तुकडा पाडण्याची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी शेवटच्या वर्षाची तीन-चार पोरं ‘स्मार्ट होम’चा प्रोजेक्ट घेऊन येतात आणि पहिला प्रश्न टाकतात, ‘सर, मॉडेल कोणतं घेऊ?’ मॉडेल म्हणजे सेन्सरच्या नोंदी वाचून घरात कोणतं काम चाललंय ते ओळखणारा प्रोग्रॅम. मी उलट विचारतो, ‘तुकडे कसे पाडले?’ मग शांतता. त्या शांततेनंतर होणारी प्रश्नोत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या घरची आहेत. आई-वडील, धाकटा भाऊ, भावजय आणि दोन लेकरं असं भरलेलं घर. तिथे मी वर्षभर सेन्सर लावून पाहिले.

तुकडे पाडणं म्हणजे नेमकं काय?

घरातला सेन्सर ‘आई भाकरी थापतेय’ असं कधीच सांगत नाही. पाच वाजून बारा मिनिटांनी स्वयंपाकघरात काहीतरी हललं, एवढंच तो सांगतो. अशा ओळी दिवसभर एकीखाली एक पडत राहतात. मध्ये ना पूर्णविराम, ना परिच्छेद.

०५:१२:०४ माजघर, हालचाल
०५:१२:११ स्वयंपाकघर, हालचाल
०५:१२:१९ मागचं दार, उघडलं
०५:१२:२२ अंगण, हालचाल
०५:१६:४० मागचं दार, बंद
०५:१६:४७ स्वयंपाकघर, हालचाल
०५:१६:५३ स्वयंपाकघर, हालचाल

यात आई उठली, अंगणात सडा टाकला आणि आत येऊन चहा ठेवला. तीन कामं झाली, पण सात ओळींत त्याची खूण कुठेही नाही. ‘इथवर एक काम, इथून दुसरं’ अशी रेघ ओढणं म्हणजे तुकडे पाडणं. त्यालाच सेगमेंटेशन म्हणतात आणि पडलेल्या तुकड्याला विंडो. हे शेतातल्या बांधासारखं आहे. बांध हातभर सरकला की ज्वारी एकाच्या खात्यात आणि कडबा दुसऱ्याच्या.

एवढं सगळं करण्यापेक्षा कॅमेरा का लावू नये?

लावून बघा. घरातल्या बायका दुसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल टाकतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

कोणते सेन्सर लागतात?

हालचालीसाठी पीआयआर, दारासाठी चुंबकाचा रीड स्विच, मोटारीच्या वायरवर करंट सेन्सर. एवढ्यावर पुष्कळ काम होतं. बाजारात सहज मिळणारा पीआयआर म्हणजे एचसी-एसआर५०१. त्याचा पल्ला साधारण सात मीटरपर्यंत असतो. त्यावर दोन बारीक फिरते स्क्रू असतात. एक पल्ल्याचा. दुसरा, हालचाल दिसल्यावर सिग्नल किती वेळ चालू ठेवायचा याचा, आणि ही वेळ काही सेकंदांपासून पाच मिनिटांपर्यंत जाते.

हा दुसरा स्क्रू पोरं बघतच नाहीत. तो पाच मिनिटांवर ठेवला तर अर्धा तास चाललेल्या स्वयंपाकाची कदाचित एकच नोंद येईल. काही सेकंदांवर ठेवला तर तेवढ्याच वेळात शेकडो येतील. म्हणजे तुम्ही कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच सेन्सरने पहिला तुकडा पाडलेला असतो. सगळ्या खोल्यांत हा स्क्रू एकाच जागी ठेवा आणि वहीत लिहून ठेवा.

सरळ एकेका मिनिटाचे तुकडे पाडले तर?

सोपं आहे आणि सुरुवातीला चालतंही. टिम व्हॅन कास्तरेन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात हेच केलं होतं. २६ वर्षांचा एक तरुण, तीन खोल्यांचं घर, १४ सेन्सर, २८ दिवस आणि ६० सेकंदांचे तुकडे. आता गुणाकार करा. २८ दिवसांची ४०,३२० मिनिटं होतात आणि त्यांच्याकडे सेन्सरच्या नोंदी होत्या २,१२०. प्रत्येक नोंद वेगळ्या मिनिटात पडली असं धरलं तरी ३८ हजारांहून जास्त मिनिटं कोरीच राहतात. कोऱ्या मिनिटाला मॉडेलने काय म्हणायचं? झोप? घराबाहेर? की हातपाय न हलवता खुर्चीत बसलेला माणूस?

त्यांनी त्यावर एक युक्ती वापरली. दुसरा सेन्सर वाजेपर्यंत शेवटी वाजलेला सेन्सर चालूच आहे असं धरायचं. मग गप्प मिनिटालाही काहीतरी सांगायला मिळतं. एकट्या माणसाच्या घरात ही युक्ती झकास चालते. आमच्याकडे नातू मध्येच धावत गेला की आजोबांचा ‘शेवटचा सेन्सर’ पुसला जायचा.

दुसरी अडचण कामाच्या लांबीची. फोडणी दोन मिनिटांत होते, झोप सात तासांची असते. एकाच मापाची पट्टी दोन्हींना कशी पुरणार?

मग वेळेऐवजी नोंदी मोजल्या तर? दर वीस नोंदींचा एक तुकडा?

घरातल्या सेन्सरसाठी मला ही पद्धत जास्त पटते. घर गजबजलेलं असलं की तुकडे आपोआप लहान होतात, शांत असलं की मोठे. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कासास या स्मार्ट होम प्रकल्पातल्या नारायणन कृष्णन आणि डायन कुक यांचा २०१४ चा शोधनिबंध याच वाटेने जातो. प्रत्येक नवी नोंद आली की तिच्यासह मागच्या ठरावीक नोंदी घ्यायच्या आणि प्रश्न एवढाच विचारायचा: ही शेवटची नोंद कोणत्या कामातली? काम संपण्याची वाट बघायची नाही.

पण आमच्या घरची एक रात्र सांगतो. साडेदहाला टीव्ही बंद झाला, सगळे झोपले. दोन वाजून दहा मिनिटांनी वडील उठले, न्हाणीकडे गेले, परतले. आठ नोंदी. वीसच्या विंडोत उरलेल्या बारा नोंदी कुठून आल्या? साडेदहाच्या बैठकीतून. मॉडेलने रात्री दोनला छातीठोकपणे ‘टीव्ही पाहणे’ असं लिहिलं. मधले साडेतीन तास त्याच्या लेखी नव्हतेच.

यावर त्या निबंधात दोन उपाय आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला, जुन्या नोंदीचं वजन कमी करत जाणं. समजा दर मिनिटाला वजन निम्मं होतं. पाच मिनिटांपूर्वीच्या नोंदीला एक बत्तीसांश वजन उरतं, दहा मिनिटांपूर्वीच्या नोंदीला एक हजार चोवीसांश. साडेतीन तासांपूर्वीचा टीव्ही मग मोजण्यातच येत नाही. वजन किती वेगाने घटवायचं हे मात्र घर बघून ठरवावं लागतं. वेग जास्त झाला तर भाकरी आणि कोरड्यासाची नोंदही एकमेकींना विसरतात.

दुसरा, सेन्सरांची आपसातली जवळीक. कोणता सेन्सर कोणत्या सेन्सरला लागून वाजतो याचा हिशोब आख्ख्या प्रवाहातून काढायचा. स्वयंपाकघर आणि मागचं दार पुष्कळदा एकापाठोपाठ वाजतात, स्वयंपाकघर आणि वरची खोली क्वचित. शेवटची नोंद स्वयंपाकघराची असेल तर विंडोतल्या वरच्या खोलीच्या नोंदींना कमी किंमत द्यायची. दोन माणसं घराच्या दोन टोकांना वावरत असतील तेव्हा हा उपाय पहिल्यापेक्षा जास्त कामाला येतो.

विंडो वीसची ठेवू की तीसची?

घरातलं सगळ्यात छोटं पण महत्त्वाचं काम शोधा. त्याच्या सरासरी किती नोंदी येतात ते मोजा आणि तिथून सुरुवात करा. दुसऱ्याच्या निबंधातला आकडा उचलू नका, कारण त्यांचा तो दुसरा स्क्रू कुठे होता हे तुम्हाला माहीत नाही.

मनगटी घड्याळाच्या प्रयोगांत दोन सेकंदांची विंडो वाचली होती. तीच वापरू?

नको. घड्याळातला ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हाताची हालचाल मोजणारा सेन्सर, सेकंदाला कित्येक वेळा आकडा देतो. चालणं आणि पळणं यांतला फरक एक-दोन सेकंदांत दिसतो आणि त्यावरचे अभ्यासही तेच सांगतात. घरातला पीआयआर दोन सेकंदांत बहुतेक वेळा गप्पच असतो. नाव दोन्हींचं ‘ॲक्टिव्हिटी रेकग्निशन’, म्हणजे काम ओळखणं, पण जात वेगळी.

काम बदलल्याची जागा आपोआप सापडत नाही का?

सापडते, काही अंशी. नुकत्याच आलेल्या नोंदींचा साचा आणि त्याआधीच्या नोंदींचा साचा यांची सारखी तुलना करत राहायचं, आणि फरक अचानक वाढला की तिथे रेघ ओढायची. समानेह अमिनिखांगाही आणि कुक यांनी २०१७ मध्ये कासासच्या घरांवर हे करून दाखवलं. फायदा असा की तुकड्याची लांबी आधी ठरवावी लागत नाही. तोटा असा की बदल झाला हे कळायला बदलानंतरच्या काही नोंदी लागतात, म्हणजे निकाल थोडा उशिरा येतो. सवयींचा महिनाभराचा आलेख काढायचा असेल तर या उशिराने काही बिघडत नाही. आजी न्हाणीत पडली का हे कळायचं असेल तर बिघडतं.

अरुबाच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल आमच्या घरी चालेल?

कासासने एका घरातून गोळा केलेला अरुबा हा नोंदींचा संच सगळ्यांचा लाडका आहे आणि आहेही चांगला. एक बाई एकट्या राहतात, मुलं-नातवंडं भेटायला येतात. नोव्हेंबर २०१० ते जून २०११ या काळातल्या सतरा लाखांच्या आसपास नोंदी आणि अकरा कामांची लेबलं, म्हणजे केव्हा कोणतं काम चाललं होतं त्याची नावं. माझी तक्रार डेटाबद्दल नाही. ते घर म्हणजेच घर असं धरून चालणाऱ्यांबद्दल आहे.

आमच्याकडे पुढचं दार सकाळी सहाला उघडतं आणि रात्री दहाला लागतं. मध्ये फक्त पडदा. अरुबात ‘घरात येणे’ आणि ‘घराबाहेर जाणे’ या कामांच्या कडा दारापाशी स्वच्छ दिसतात. आमच्या दाराच्या सेन्सरने दिवसाला दोन नोंदी दिल्या. शेवटी ओसरीच्या खांबावर एक पीआयआर लावला, तेव्हा कुठे येणं-जाणं दिसायला लागलं.

उन्हाळ्यात आणखी गंमत. जुन्या घरांना माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर असतं. मार्च सरला की अंथरुणं वर जातात. मॉडेलच्या दृष्टीने एप्रिल-मे असे दोन महिने आमच्या घरात कुणी झोपलंच नाही. ‘झोप’ या कामाची सुरुवात जिन्याच्या शेवटच्या नोंदीवर आणि शेवट जिन्याच्या पहिल्या नोंदीवर धरायची, असा ऋतूपुरता नियम हाताने लिहावा लागला. हाताने नियम लिहिणं पोरांना कमीपणाचं वाटतं. मला नाही वाटत.

पाणी येण्याच्या दिवसाचं काय?

हा प्रश्न मला कुठल्याच निबंधात सापडला नाही, आणि आमच्याकडे तो पहिला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला ‘पाणी भरणे’ हे वेगळं काम आहे हे पटवून द्यावं लागत नाही. अरुबाच्या अकरा कामांत ते नाही आणि असायचं कारणही नाही.

नळाला पाणी ठरल्या वारी येतं असं नाही आणि ठरल्या वेळी तर नाहीच. आलं की तासभर अंगण, न्हाणी, स्वयंपाकघर अशी चक्रं सुरू होतात. तीन माणसं एकाच वेळी, लेकरं मध्ये मध्ये. चुलीवरचं भगुलं उतरवून ठेवलेलं असतं, म्हणजे स्वयंपाक अर्धा राहून दुसरं काम सुरू आणि ते झालं की पुन्हा स्वयंपाक. आमच्या पहिल्या मॉडेलने त्या एका तासाचे चौदा तुकडे केले: स्वयंपाक, बाहेर जाणे, आंघोळ, पुन्हा स्वयंपाक. वेळ बघून अंदाज बांधण्याची त्याची सवयही उलटी पडली, कारण पाणी कधी पहाटे चारला, कधी दुपारी.

उपाय निघाला तो मोटारीच्या वायरवरच्या करंट सेन्सरने. मोटार चालू झाली की रेघ, बंद झाली की दुसरी रेघ, आणि मधल्या सगळ्या नोंदी एका तुकड्यात. सगळा प्रवाह एकाच रीतीने कापायचा हट्ट सोडला की असे सोपे उपाय दिसतात. ज्या कामाची कड एखादं यंत्र स्वतःहून सांगतं, तिथे गणित कशाला?

घरात पाच-सहा माणसं असली तर?

अवघड आहे, खोटं कशाला सांगू. तुर्कस्तानातल्या अरास संचात दोन घरं आणि प्रत्येकी दोन माणसं आहेत, तोही आधी पाहून घ्या. आमच्याकडे निम्मं काम एका कागदाने केलं. घराचा नकाशा काढला आणि कोणत्या सेन्सरवरून कोणत्या सेन्सरपर्यंत चालत जायला कमीत कमी किती सेकंद लागतात ते पायाने मोजलं. ओसरी आणि परसातलं न्हाणीघर दोन सेकंदांच्या आत वाजले तर ती दोन माणसं, त्यात वाद नाही. मग नोंदी दोन वेगळ्या धाग्यांत टाकायच्या आणि प्रत्येक धाग्याचे तुकडे स्वतंत्र पाडायचे. आधी धागे सोडवायचे, मग कात्री. क्रम उलटा केला की गुंता तसाच तुकड्यांत जातो. दोन माणसं एकाच खोलीत बसली की मात्र धागे पुन्हा एक होतात. तिथे कोण कोण आहे हे सांगायचा प्रयत्न मी सोडून दिला.

मे महिन्यात सेन्सर मुके का होतात?

पीआयआर उष्णतेतला फरक बघतो. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश. भिंती त्याच्या जवळपास तापल्या की माणूस आणि भिंत सेन्सरला सारखेच दिसायला लागतात. भर दुपारी पत्र्याखाली चाळीस ओलांडले की भिंतीपेक्षा माणूस थंड, म्हणून फरक पुन्हा थोडा दिसतो. सगळ्यात वाईट वेळ त्या मधल्या तापमानाची, म्हणजे उन्हाळ्यातली उशिराची सकाळ आणि रात्रीचे पहिले काही तास. शिवाय गरम वाऱ्याने हलणारा पडदा खोट्या नोंदी घालतो ते वेगळंच.

याचा तुकड्यांशी संबंध असा की खऱ्या नोंदी कमी झाल्या की वीस नोंदींची विंडो डिसेंबरात चार मिनिटांची असेल तर मे महिन्यात पंधरा मिनिटांची होते आणि तिच्यात दोन-दोन कामं शिरतात. म्हणून विंडोला नोंदींची मर्यादा आणि वेळेची मर्यादा अशा दोन्ही लावा, जी आधी भरेल ती खरी. खोलीत एक तापमानाचा सेन्सरही असू द्या.

लाईट गेल्यावर काय होतं?

सेन्सरच्या नोंदी घेणाऱ्या, आम्ही वापरलेल्या ईएसपी३२ या छोट्या बोर्डाला वीज गेल्यावर वेळ आठवत नाही. लाईट आली, पण राऊटर अजून उठला नाही, तर घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं. आपल्या वेळेत पहाटेचे साडेपाच. आमच्या फाइलमध्ये त्या पहाटेच्या कितीतरी नोंदी होत्या. माझ्या आईने १९७० साली पहाटे नळाची मोटार लावली होती म्हणे!

बटणसेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ जोडा, प्रश्न मिटतो. तुकडे पाडताना एक नियम पाळा: वीज नसल्याची पोकळी आणि घर शांत असल्याची पोकळी या वेगळ्या. बोर्डाने दर मिनिटाला ‘मी जिवंत आहे’ अशी एक ओळ टाकावी. ती ओळ आहे आणि हालचाल नाही, तर घर शांत. ओळच नाही, तर लाईट गेलेली. तिथे विंडो तोडायची, पोकळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदी एकत्र करायच्या नाहीत.

माझी ॲक्युरसी ९६ टक्के आली. झालं ना?

बहुतेक नाही. ॲक्युरसी म्हणजे शंभरातली किती उत्तरं बरोबर आली एवढंच. तीन गोष्टी तपासा.

सरकत्या वीसच्या विंडोत लागोपाठच्या दोन तुकड्यांच्या एकोणीस नोंदी सारख्याच असतात. सगळे तुकडे पत्त्यांसारखे पिसून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले, तर पेपर आधीच फुटलेला आहे. अख्खे दिवस वेगळे ठेवा. त्यातही शिकवायचे दिवस आधीचे आणि परीक्षेचे नंतरचे.

कामाची सुरुवात आणि शेवट आधीच माहीत असलेले तुकडे मॉडेलला दिले होते का? मग अवघड काम तुम्ही स्वतः करून दिलंत, त्याने फक्त नाव लिहिलं. खऱ्या घरात ते तुकडे कुणी हातात देत नाही. आणि कोणत्याच लेबलात न बसणाऱ्या नोंदी गाळल्या असतील तर त्या परत आणा, घराचा मोठा वेळ त्यातच जातो.

तिसरं, अरुबात आराम करण्याचे प्रसंग २,९१० आहेत आणि सर्वांत दुर्मिळ कामाचे फक्त ६. सरसकट टक्केवारीत ते सहा कुठे दिसणार? प्रत्येक कामाचा वेगळा गुण काढा.

त्यापुढे जाऊन तुकड्यांचीच परीक्षा घ्या. जेमी वॉर्ड, पॉल लुकोविच आणि हान्स गेलर्सन यांनी २०११ मध्ये यासाठी चांगली मापं मांडली. एका कामाचे उगाच तुकडे झाले का, दोन कामं चिकटली का, काम लवकर संपवलं की लांबवलं, नसलेलं काम घुसवलं का. आमचा पाण्याचा तास टक्केवारीत फारसा वाईट नव्हता. चौदा तुकडे झालेत हे या मापानेच दिसलं.

एलएसटीएम वापरलं तर तुकडे पाडायची गरजच नाही ना?

एलएसटीएम म्हणजे मागचं लक्षात ठेवत जाणारं मॉडेल. त्याला तरी किती मागचं दाखवायचं हे कुणी ठरवलं? तुम्हीच. तीही विंडोच.

लेबल कोण लावणार?

इथे सगळे प्रकल्प रखडतात. व्हॅन कास्तरेनच्या तरुणाने ब्लूटूथ हेडसेटवर बोलून नोंदवलं होतं: आता हे सुरू, आता हे संपलं. आमच्या आईला ते सांगायची माझी हिंमत नव्हती. आम्ही स्वयंपाकघर, न्हाणी आणि माजघर इथे एकेक मोठं बटण लावलं. आई दिवसातून आठवेल तेव्हा दाबायची, भावजय बहुतेक वेळा विसरायची, आणि पुतण्या कारण नसताना दाबायचा. शेवटी रोज रात्री जेवणानंतर मी फोन करून दिवस विचारायचो आणि वहीत लिहायचो. वेळा पाच-दहा मिनिटांनी पुढे-मागे असायच्या, म्हणून कडांचा गुण काढताना तेवढी सूट दिली.

मी पुण्यात नोकरीला, आई गावाकडे एकटी. तिची काळजी म्हणून हे लावू का?

लावा, पण तिला विचारून, आणि पडद्यावर काय दिसतं ते तिला दाखवून. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती, स्वतःच्या वापराला लागू होत नाही, पण आईला नात्याचा कायदा लागू होतो. बंद करायचं बटण तिच्या हाताला येईल असं ठेवा.

एकट्या माणसाच्या घरात हे सगळं पुष्कळ सोपं होतं. पहिले पंधरा दिवस मॉडेल चालवूच नका, नुसत्या नोंदी साठवा आणि छापून वाचा. आधी दोनच कामं धरा: उठणं आणि रात्री न्हाणीला जाऊन परत येणं. दुसऱ्या कामाला सुरुवातही आहे आणि शेवटही, आणि शेवट वेळेत आला नाही तरच तुमचा फोन वाजायला हवा. किती मिनिटांनी वाजवायचा ते आईला विचारा. माझ्या आईने वीस मिनिटं सांगितली होती. पहिल्याच आठवड्यात तिने ती चाळीस करायला लावली.